झांबेताचं खळं

आमच्या थिमारो बेटावर झांबेताशी भांडण न झालेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच वाकून बघावं लागेल. माझं स्वतःचं तिच्याशी वाजलेलं आहे. एकदा मी तिच्या चीजला 'जरा खारट झालंय' म्हटलं, तर अख्खा हिवाळा ती माझ्या कॉफीच्या दुकानावरून मान ताठ ठेवून जायची. वसंतात एक दिवस आत आली, चीजचा गोळा टेबलावर आपटला आणि म्हणाली, "घे. खारटच आहे. आवडेल तर खा."

बुटकी, हाडकुळी, नवरा गेल्यापासून कायम काळ्या कपड्यांत. नवरा निकितास, जहाजावरचा खलाशी. जन्म सगळा परक्या बंदरांत काढून घरी आला आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. वादळामुळे मोठी बोट बंद होती. मासेमारीच्या होडीतून त्याला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्यायला निघाले, पण अर्ध्या वाटेतच तो गेला. त्याचं डोकं झांबेताच्या मांडीवर होतं. परत आल्यावर होडीवाला धक्क्यावर बसून हमसून हमसून रडत होता. ही त्याला म्हणाली, "तू तुझं काम केलंस. ऊठ, ओले कपडे बदल."

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर तिचं खळं आहे. सासऱ्याच्या आज्यानं बांधलेलं, गोल, दगडी फरशीचं, कडेनं कमरेएवढे दगड उभे केलेले. हल्ली जव पेरतंय कोण? सगळे पीठ दुकानातून आणतात. झांबेता मात्र दोन पट्ट्या पेरायचीच. गाढव खळ्यात गोल गोल फिरवून मळणी करायची आणि वारा सुटला की एकटीच उफणायची. बाकीच्या दिवसांत तिथे तिची अंजिरं वाळत पडलेली असत.

आमच्या बेटावर तेवढी एकच सपाट जागा. तिथूनच सगळं सुरू झालं.

पश्चिमेच्या खाडीवर वेलिसारिस नावाच्या अथेन्सकराने बंगला बांधला. माणूस पाच-सहा मालवाहू जहाजांचा मालक, पण स्वतःला बोट लागते. हसू नका, खरंच लागते. पहिल्या वर्षी तो बोटीतून उतरला तेव्हा चेहरा पालकासारखा हिरवा झाला होता. दुसऱ्या वर्षी त्यानं लाल रंगाचं हेलिकॉप्टर घेतलं आणि ते टेकवायला जागा बघितली. झांबेताला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ती शेळ्या घेऊन डोंगरापलीकडे गेली होती, तेवढ्यात बंगल्याच्या माणसांनी कडेचे उभे दगड पाडून बाजूला ढकलले.

पाडणारा होता आग्रोन. अल्बानियाचा गवंडी, आमच्यात बारा-तेरा वर्षं राहिलेला. बंगल्याच्या भिंती त्यानंच रचल्या होत्या. चांगला माणूस, पण पोटासाठी मालक सांगेल ते करणारा.

झांबेता संध्याकाळी परत आली. खळ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून पहारीनं एकेक दगड उभा करू लागली. आग्रोन धावत गेला. "मावशी, मी लावून देतो. मला ठाऊक नव्हतं तुम्हाला विचारलं नाही म्हणून."

"आता ठाऊक झालं ना? मग दूर हो."

त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. त्याची बायको ल्युल्येता अंडी आणायला जायची, तिच्याशी मात्र दोन शब्द बोले. तिचा काय दोष?

दगड उभे राहिले तसे बंगल्याकडून गावचा प्रमुख थ्रासोस आला. लोणी लावायला त्याच्याइतका पटाईत माणूस नाही. "झांबेता मावशी, अगं गावाचं भलं होईल. साहेब मंडळी येतील, चार पोरांना काम मिळेल."

"उतरू दे की. त्याच्या अंगणात उतरू दे."

"तिथे उतार आहे ना! आणि हे बघ, जुन्या लोकांना विचार, खळं हे काही एकट्याचं नसतं. खळं म्हणजे गावाचं."

"गावाचं?" झांबेतानं कमरेवर हात ठेवले. "मग मळणीच्या वेळी गाव कुठे मेलं होतं?"

पण थ्रासोसनं पंचायतीत तसा ठराव केला: खळं गावाचं, उतरायला मुभा. दगड पुन्हा पडले. त्या उन्हाळ्यात लाल हेलिकॉप्टर येऊ-जाऊ लागलं. ते उतरायचं तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं तिची अंजिरं डोंगरभर उडायची. झांबेता बांधावर उभी राहून शिव्या द्यायची. पंख्याच्या आवाजात कुणालाही ऐकू जायच्या नाहीत, तरी पंखा थांबेपर्यंत द्यायची. एकदा तिनं धुळीत लोळलेली सगळी अंजिरं टोपलीत भरली, बंगल्यापर्यंत चालत गेली आणि फाटकातून आत ओतली. "साहेबांना सांगा, नाश्त्याला पाठवलीयत."

आम्ही दुकानात पोट धरून हसलो. पण खरं बोलायचं तर तिच्या बाजूनं उभं कोणी राहिलं नव्हतं. बंगल्याला पाव, भाजी, मासे गावातूनच जायचे, धुणंही गावातच व्हायचं.

तिसऱ्या वर्षीचा ऑगस्ट. वेलिसारिसच्या मुलीचा साखरपुडा ठरला. त्याच आठवड्यात मेल्तेमी, उन्हाळ्यातला आमचा उत्तरेचा वारा, असा सुटला की बंदरातल्या होड्या एकमेकींवर डोकी आपटत होत्या. बोट बंद, कोळी घरी. हेलिकॉप्टर मात्र वाऱ्याला दाद देत नव्हतं. पाहुणे आधी विमानानं शेजारच्या नावाजलेल्या बेटावर उतरायचे, तिथून चौघा-चौघांना हे उचलून आणायचं.

शनिवारी दुपारी आग्रोन माझ्या दुकानात शिरला तो पांढराफटक. ल्युल्येताला आठवा महिना लागला होता. "रक्त," एवढंच म्हणाला. "खूप."

आमची डॉक्टर म्हणजे मेल्पो, नुकती शिकून सरकारी वर्ष भरायला आलेली मुलगी. ती ल्युल्येताजवळ गेली, तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "इथे माझ्याच्यानं काही होणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. आत्ता." तिनं फोन लावला. सरकारी हेलिकॉप्टर दूरच्या एका बेटावर पेशंट आणायला गेलं होतं, यायला संध्याकाळ झाली असती. "संध्याकाळपर्यंत..." मेल्पो म्हणाली आणि परत ल्युल्येताकडे धावली.

तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला. लाल हेलिकॉप्टर पाहुण्यांची पहिली खेप घेऊन येत होतं.

कुणी ठरवलं कोण जाणे. चौघांनी ल्युल्येताला गादीसकट उचललं, थ्रासोसच्या ट्रकमध्ये ठेवलं आणि सगळं गाव खळ्याकडे निघालं. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे उतरून, डोक्यावरच्या टोप्या धरत बंगल्याच्या गाडीत बसत होते. वैमानिक इयासोनस, तिशीतला, शांत पोरगा. मेल्पोनं त्याला सांगितलं. त्यानं ट्रकमध्ये डोकावून बघितलं आणि फोन काढला. फोनवर तो नुसता "हो साहेब, हो साहेब" करत राहिला. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "नाही म्हणतायत. ही रुग्णवाहिका नाही. वाटेत काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येईल. आणि दुसरी खेप आणायचीय."

आग्रोन मटकन खाली बसला. ज्या हातांनी त्यानं त्या माणसाच्या भिंती रचल्या, ते हात गुडघ्यांत घालून बसला.

झांबेता बांधावर होती, नेहमीच्या जागी. तिनं आम्हाला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती खाली उतरली, पंख्याखालून सरळ चालत गेली आणि हेलिकॉप्टर ज्या दोन दांड्यांवर टेकतं त्यातल्या एकीवर बसली. वरच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"मावशी, उठा," इयासोनस म्हणाला. "मला सुरू करायचंय."

"कर की."

"तुम्ही बसल्यावर कसं करू?"

"ते तू बघ. तू शिकलेला आहेस."

थोड्या वेळानं वेलिसारिस स्वतः आला, पांढऱ्या सदऱ्यात, मोटार चालवत. त्याला वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ट्रककडे बघून त्याचा चेहरा उतरलाच. पण सवय कुठे जाते? "बाई," तो म्हणाला, "मला तिच्याबद्दल सहानुभूती आहे. सरकारी हेलिकॉप्टरसाठी मी वरपर्यंत फोन करतो. तुम्ही कृपा करून उठा."

"वरपर्यंत फोन आहे ना? मग देवालाच लाव."

"ही माझी मालमत्ता आहे!"

"तुझी आहे. पण ती कशावर उभी आहे?" झांबेता बसल्या जागेवरून म्हणाली. "हे खळं गावाचं आहे असं तूच लिहून घेतलंस ना? मग गाव बसलंय त्याच्या जागेवर. तुला घाई असेल तर मोटारीनं जा."

"मी पोलिसांना बोलावीन."

"बोलाव. बोट बंद आहे. पोहत येतील."

कुणीतरी हसलं. मग आमचा पाद्रीबाबा, एवढा जाडा माणूस, झगा सावरत गेला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसला. मी गेले. होडीवाला गेला, निकितासला नेणारा तोच. एकेक करत बरेच जण बसलो. थ्रासोस उभाच होता, एकदा साहेबाकडे, एकदा आमच्याकडे बघत. झांबेतानं त्याला हाक मारली, "थ्रासोस, तुझे गुडघे दुखतात का रे?" तेव्हा तोही बसला.

खळ्यावर फक्त वारा वाजत होता. ट्रकमधून ल्युल्येता तिच्या भाषेत आईला हाका मारत होती.

इयासोनसनं फोन खिशात घातला. मागचं दार उघडलं. "आणा तिला," म्हणाला. "डॉक्टर मागे तिच्याजवळ बसू दे. पुढे एकच जागा आहे, आणि ह्या वाऱ्यात मला वजन नकोय."

"इयासोनस!" वेलिसारिस ओरडला. "उद्यापासून तू कामावर नाहीस."

"उद्यापासून ना, साहेब? मग आज आहे."

आग्रोन पुढे झाला, पण तो बैलासारखा धिप्पाड, आणि पाय असे लटपटत होते की त्याला पायरी चढता येईना. झांबेता उठली. वर्षभरानंतर त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली. "तू इथेच थांब आणि थरथर. मी जाते तिच्याबरोबर."

आणि गेली. मागे दार लागलं, आम्ही सगळे पळालो, हेलिकॉप्टर वर उठलं, वाऱ्यानं एकदा कलंडल्यासारखं झालं आणि समुद्राकडे गेलं.

पुढचं मला इयासोनसनं सांगितलं आणि थोडं झांबेतानं. सबंध वाटभर ती मान मागे वळवून ल्युल्येताला दटावत होती. "डोळे उघड! झोपायचं नाही. अंड्यांचं टोपलं परत द्यायचंय तुला माझं, विसरलीस?" मेल्पो रक्त थांबवायला धडपडत होती. एकदा हेलिकॉप्टर खड्ड्यात पडल्यासारखं खाली गेलं तेव्हा झांबेतानं इयासोनसच्या मांडीवर चापट मारली, "नीट चालव, गाढवा!" तो म्हणतो, त्या चापटीनं त्याची भीती गेली.

इस्पितळाच्या अंगणात डॉक्टर तयारच होते. झांबेतानं ल्युल्येताला कवेत धरून उतरवलं आणि त्यांनी तिला आत नेलं. झांबेता बाहेर बाकावर बसली आणि तिच्याशेजारी इयासोनसही बसला. फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. शेवटी मेल्पो बाहेर आली. आई वाचली. मुलगी झाली होती, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण रडली होती. मेल्पो हे सांगता सांगता स्वतःच रडू लागली. झांबेतानं तिला आपल्या ओढणीचं टोक दिलं. "पूस. आणि आत जा, तिला जाग येईल तेव्हा ओळखीचं तोंड हवं."

इयासोनस उठला. "मावशी, मी निघतो. दुसरी खेप राहिलीय. आज कामावर आहे ना मी."

"चल."

"तुम्ही कुठे? वारा पडला की बोटीनं जा. साहेबांनी तुम्हाला ह्यात बघितलं तर..."

"माझ्या शेळ्यांचं दूध काढायचं राहिलंय. मला खळ्यावरून उचललंस, खळ्यावरच उतरव." आणि ती जाऊन पुढच्या जागेवर बसलीसुद्धा.

शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर तीन पाहुणे ताटकळून चिडलेले होते. त्यांत नवऱ्या मुलाची आत्या होती, मोठ्या कडांची हॅट, हातात टोपीएवढीच मोठी भेटीची पेटी. ती मागे बसली आणि नाक आक्रसून म्हणाली, "हा वास कसला?"

"शेळीचा," झांबेता म्हणाली. "आणि तुमचा कसला?"

"ही बाई कोण आहे, वैमानिक? आम्हाला खासगी हेलिकॉप्टर सांगितलं होतं."

"खासगीच आहे," झांबेता मागे वळली. "मी कुणाला सांगणार नाही तुम्ही आल्याचं."

वळली तेव्हा आत्याबाईंना तिचा एप्रन दिसला. छातीपासून गुडघ्यांपर्यंत रक्त वाळलेलं. त्यांनी विचारलं नाही, पण इयासोनसनं दोन वाक्यांत सांगितलं. थिमारोवर उतरताना आत्याबाईंनी तिच्या हाताला हात लावला, म्हणाल्या, "मुलगी कशी आहे?" झांबेतानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रडली. चांगलं लक्षण आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपलं गाव वरून बघितलं. मी नंतर विचारलं, कसं वाटलं गं? म्हणाली, "माझ्या छताला चुना द्यायला झालाय. आणि तुझ्या मागच्या अंगणात केवढा उकिरडा केलायस, ओलिंबिया! वरून सगळं दिसतं."

वेलिसारिसनं तक्रार केलीच. इयासोनसची नोकरी गेली. झांबेतावर खटला भरला: उड्डाणाला अडथळा, लोकांना चिथावणी, आणखी काय काय. थ्रासोस निरोप घेऊन आला. "साहेब म्हणतात, नुसतं 'चुकलं' म्हण. चारचौघांतही नको, त्यांच्या दिवाणखान्यात. तक्रार मागे घेतील."

"माझं काय चुकलं?"

"अगं काही चुकलं नाही, पण म्हणायला काय जातं?"

"मग तू म्हण. तुला सवय आहे."

वसंतात मोठ्या बेटावर सुनावणी झाली. आम्ही सगळे बोटीनं गेलो. इयासोनस अथेन्सहून साक्षीला आला. आग्रोन-ल्युल्येता मुलीला घेऊन आले. नाव ठेवलं होतं द्रिता. खरं तर त्यांना झांबेताचं नाव ठेवायचं होतं, पण हिनंच दम भरला: "खबरदार! शाळेत पोरं जन्मभर चिडवतील. मी भोगलंय."

न्यायाधीश बाई मधल्या वयाची, थकलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली तर तुम्ही काय कराल?"

वकिलानं झांबेताला डोळ्यांनी खुणा केल्या. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला जमिनीवर बसेन. ती दांडी फार टोचते."

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीश बाईनं मान खाली घातली, तीही हसत असावी. पण कायदा तो कायदा. एक महिन्याची शिक्षा सुनावली आणि ती स्थगित ठेवली.

"स्थगित म्हणजे?" झांबेतानं विचारलं.

"तीन वर्षं तुम्ही असं काही केलं नाहीत, तर भोगावी लागणार नाही."

"तीन वर्षांचं मी कसं सांगू? इथे बोटीचं उद्याचं सांगता येत नाही."

वकिलानं तिला हाताला धरून बाहेर काढलं. बाहेर आग्रोन उभा होता, पोरीला खांद्यावर घेऊन. झांबेतानं पोरगी काढून घेतली आणि त्याला म्हणाली, "जा, कॉफी आण सगळ्यांना. साखर कमी."

परतीच्या बोटीत ती सारखी ओकत होती. मी डोकं धरलं. मधेच श्वास घेऊन म्हणाली, "ह्याच्यापेक्षा ते हेलिकॉप्टर बरं होतं."

वेलिसारिसनं पुढे बंगल्यामागचा डोंगर फोडून स्वतःची जागा करून घेतली. अजून येतो. कधी गावात उतरला तर झांबेताला मान लवून नमस्कार करतो, आणि ती न करता पुढे जाते. इयासोनसला मुख्य भूमीवर वणवे विझवणाऱ्या लोकांकडे काम मिळालं. सणाला फोन करतो.

खळ्याचा प्रश्न तसाच होता. सरकारी हेलिकॉप्टर आजाऱ्यांसाठी तिथे उतरू शकेल का, असं मोठ्या बेटावरून विचारणं आलं. थ्रासोस टोपी हातात घेऊन तिच्या दारात गेला. ती त्याला भर उन्हात खळ्यावर घेऊन गेली, आम्हालाही बोलावलं. "आता सगळ्यांसमोर सांग. खळं कुणाचं?"

"तुझं, मावशी."

"मोठ्यानं. पाद्रीबाबांना कमी ऐकू येतं."

"तुझं!"

"मग माझ्याकडे माग."

थ्रासोसनं मागितलं. तिनं दिलं. वर कागदावर लिहून घेतलं नाही, पैसा घेतला नाही, फक्त पंचायतीनं आपला जुना ठराव रद्द करावा एवढं म्हणाली, आणि तो रद्द होईपर्यंत रोज सकाळी जाऊन पंचायतीच्या पायरीवर बसत राहिली.

त्या खळ्यावर उतरलेलं पहिलं सरकारी हेलिकॉप्टर थ्रासोससाठीच आलं. पित्ताचा खडा. स्ट्रेचरवर पडून तो आई आई करत होता आणि झांबेता शेजारी उभी राहून त्याच्या अंगावरचं पांघरूण खोचत होती. "ओरडू नकोस, थ्रासोस. बायका बाळंत होतात तरी एवढं ओरडत नाहीत." तरी हेलिकॉप्टर दिसेनासं होईपर्यंत ती उन्हात उभी होती.

तो बरा होऊन आला. आता त्या दोघांचं भांडण पाण्याच्या टाकीवरून चाललंय. थ्रासोसला ती शाळेमागे हवीय, झांबेता म्हणते तिथे नको. मला विचाराल तर ह्या वेळी थ्रासोसचं बरोबर आहे. पण हे मी तिला सांगायला गेलेले नाही.